लाल घ्या नाहीतर पांढरी

मंठा चौफुलीला पाटी आहे, वाईन शॉप.
आत वाईन सोडून सगळं आहे.
लोखंडी जाळीला हात जाईल एवढंच भोक,
त्यातून नोटा आत, क्वार्टर बाहेर,
कुणी कुणाला काही विचारत नाही.
एसटीच्या खिडकीवर माणूस निदान गाडी कधी सुटते ते तरी विचारतो.

मी छत्तीस वर्षं जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत.
ओल्या कागदात शंभर दाणे गुंडाळायचे,
सातव्या दिवशी मोजायचे, किती उगवले.
विचारल्याशिवाय, मोजल्याशिवाय
काही घ्यायची सवय नाही.
म्हणून जाळीपाशी तोंड नेऊन विचारलं, 'वाईन आहे का?'
रांगेनं बाजूला सरून वाट दिली,
मयताला देतात तशी.

पोरगा स्टुलावर चढला,
ट्यूबलाइटला टेकलेल्या वरच्या फळीवरून
दोन बाटल्या काढल्या, फडक्यानं पुसल्या.
'लाल घ्या नाहीतर पांढरी.'
'फरक काय?'
'लाल लाल हाये.'
'आंबट का गोड?'
'मॅडम, किक कमीच हाये दोन्हीला.'
'कधीची आहे?'
'हिला एक्सपायरी नसती.'
'जेवणाबरोबर घ्यायची का आधी?'
तेव्हा त्यानं पहिल्यांदा नीट पाहिलं माझ्याकडं,
अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आल्यासारखं.
मागून एक म्हातारा कळवळून म्हणाला,
'बाई, खोकल्याला पाह्यजे असंल तर ब्रँडी न्या.'

खोकला नाही हो.
कुमुद टाकळकर साठ वर्षांची होतेय,
आणि होस्टेलात होतो तेव्हापासून म्हणत आलीय,
एकदा, एकदाच, चांगली वाईन प्यायची.
चांगली, हा शब्द तिचा.
ती कशी ओळखायची, कुणाला विचारू?
भावाला विचारलं तर तो आधी दार लावून घेईल.

वीस पावलांवर कडवंचीच्या द्राक्षांचा गाडा.
गाड्यावरची बाई न विचारता सांगते:
देठ हिरवा म्हणजे आजची तोड,
हा घड आत्ता खा, तो परवा,
हे पाहुण्यांना नेऊ नका, दिसायला देखणे, चवीला पाणी.
एवढं शहाणपण भर उन्हात उभं,
आणि त्याच फळाचा रस बाटलीत गेला
की अख्ख्या गावाची दातखीळ.

लाल घेतली. सहाशे ऐंशी रुपये.
पेपरात गुंडाळून, काळ्या पिशवीत,
कुणाचं मुंडकं नेत असल्यासारखी घरी आणली.

बूच निघेना.
कुमुदनं उलथन्याच्या दांड्यानं ते आतच ढकललं.
स्टीलच्या पेल्यात ओतली. दोघी गप्प.
मग ती म्हणाली, 'जांभळाची बी चावल्यासारखं.'
मी म्हणाले, 'आणि मागून चिंचोक्याचं टरफल.'
'वाईट आहे का गं?'
'चांगली कशी लागते ते कुठं ठाऊक आहे आपल्याला.'
शेंगदाण्याच्या चटणीबरोबर बरी लागली,
दुसऱ्या पेल्याला जरा जास्तच बरी.
मी जुन्या उगवणीच्या वहीत, मागच्या पानावर,
तारीख घालून सगळं लिहिलं.
खाली एक ओळ: उजेडात, उष्णतेत ठेवू नये,
बियाणंसुद्धा कुणी तसं ठेवत नाही.

दुसऱ्या दिवशी पान फाडून जाळीतून आत दिलं.
पोरगा, गोरख त्याचं नाव, वाचत राहिला,
मागं रांग ओरडत होती.

परवा तिथून जाताना कानावर आलं.
इस्त्रीच्या शर्टातला कुणीतरी हळू आवाजात विचारत होता,
आणि गोरख सांगत होता,
'जांभळाची बी. मागून चिंचोका.
शेंगदाण्याच्या चटणीसंगं घ्या.
वर तापती म्हणून खाली ठिवलीय.'
'आणि पांढरी?'
'पांढरीचं अजून कुणी येऊन सांगितलं नाई.'